आठ मजली ऑफिस इमारतीतले पाच मजले दोन वर्षं रिकामे आहेत, भाडं उतरवू का?

तुमच्या प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी: शहराच्या मध्यवर्ती भागातली जुनी आठ मजली इमारत, दर मजला सुमारे १०,००० चौरस फूट. पाच मजले एकाच कंपनीकडे होते, ती दोन वर्षांपूर्वी गेली. उरलेल्या तीन मजल्यांवर जुने भाडेकरू आहेत. ब्रोकर म्हणतो, भाडं १५ टक्क्यांनी उतरवा.

सध्या तरी उतरवू नका. अख्खा मजला घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली आहेत आणि जी उरली आहेत ती नव्या इमारतींकडे वळतात. १५ टक्के सूट बघून ती जुन्या इमारतीत येत नाहीत. ज्यांना खरंच मध्यवर्ती भागात यायचंय ते ५ ते २० माणसांचे व्यवसाय असतात आणि त्यांना ९०० ते ३,००० फूट जागा हवी असते. त्यांना तुमचा मजला अर्ध्या भाड्यात दिला तरी घेता येणार नाही. जागा उभी करायला त्यांच्याकडे भांडवल नसतं, पाच वर्षांची हमी द्यावी असा ताळेबंद नसतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत सहा महिने थांबायची सवड नसते. आधी या तीन अडचणी काढा, मग भाड्याचं बोलू.

त्याहीआधी विम्याची पॉलिसी काढून रिकाम्या इमारतीबद्दलचं कलम वाचा. अमेरिकेत प्रचलित असलेल्या नमुना पॉलिसीत एकूण क्षेत्रफळाच्या ३१ टक्क्यांपेक्षा कमी जागा वापरात असेल तर इमारत ‘रिकामी’ धरतात. अशी स्थिती ६० दिवसांहून जास्त राहिली की चोरी, तोडफोड, काचफूट, पाण्याची गळती यांची भरपाई मिळत नाही आणि आगीसारख्या नुकसानीचीही १५ टक्के कापून मिळते. तुमचे तीन मजले भरलेले आहेत, म्हणजे ३७.५ टक्के. त्यातला एक मजला गेला की २५ टक्के. तुमच्या पॉलिसीतला आकडा वेगळा असू शकेल, पण असं कलम बहुधा असतंच. म्हणून नव्यांच्या मागे धावण्याआधी जुन्या तिघांचे करार कधी संपतात ते बघा. मुदतीला दीड-एक वर्ष असतानाच त्यांच्याशी नूतनीकरणाचं बोलणं सुरू करा. हातातला भाडेकरू टिकवणं नवा आणण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

आता मजला कापण्याबद्दल. पाचही मजले एकदम फोडू नका. जिन्या-लिफ्टला सोयीचा एकच घ्या. एकाच कंपनीचा मजला अनेकांना द्यायचा म्हणजे मधून सामायिक कॉरिडॉर काढावा लागतो, आणि कॉरिडॉर नि लिफ्टसमोरची मोकळी जागा मिळून १० ते १५ टक्के क्षेत्र जातं. म्हणजे १०,००० मधले सुमारे ८,७०० फूट हातात उरतात. त्यात ३,००० चा एक, १,५०० चे दोन आणि ९०० चे तीन गाळे बसतात. मोठा गाळा कोपऱ्यात ठेवा आणि त्याच्या शेजारी १,५०० चा एक येऊ द्या. दोघांमधल्या भिंतीत वायरिंग किंवा पाइप घालू नका. धंदा वाढला की भाडेकरू ती भिंत पाडून पसरू शकतो आणि इमारत सोडून जात नाही.

भिंती उभ्या करणं सोपं असतं, गाडी अडते ती छतात. आवाज जाऊ नये म्हणून भिंत थेट स्लॅबपर्यंत नेली की फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून परतणारी एसीची हवा कोंडते. मग एक गाळा गारठतो, शेजारचा तापतो आणि तक्रारी थर्मोस्टॅटच्या नावाने येतात. त्या भिंतीत हवेसाठी वाट ठेवावी लागते, आणि भिंत आगरोधक असेल तर त्या वाटेत फायर डँपर, म्हणजे आग लागली की आपोआप बंद होणारी झडपही लागते. आगीवर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचंही तसंच. ऑफिससारख्या हलक्या धोक्याच्या वापरात एका स्प्रिंकलरने जास्तीत जास्त २२५ चौरस फूट सांभाळायचे आणि दोहोंत १५ फुटांपेक्षा जास्त अंतर नको, असा अमेरिकन मानकाचा नियम आहे. मोकळ्या हॉलसाठी बसवलेली रांग नव्या भिंतींनी तुटते, म्हणून स्प्रिंकलरची काही तोंडं सरकवावीच लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात सर्रास राहून जातो.

विजेला प्रत्येक गाळ्याचा सबमीटर, म्हणजे मुख्य मीटरखालचा वेगळा मीटर लावा. संपूर्ण मजल्याला एकच एसी युनिट असेल तर रविवारी काम करणाऱ्या एका माणसासाठी सगळा मजला थंड करावा लागेल. असे वेळी-अवेळी काम करणारे भाडेकरू एका बाजूला घ्या आणि त्यांना स्वतंत्र छोटं युनिट द्या. पँट्रीचं सिंक मूळ सांडपाण्याच्या उभ्या पाइपाजवळच ठेवा. आडव्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार लागतो, २० फूट लांब नेला तर तो ५ इंच खाली येतो, आणि तो खालच्या मजल्याच्या छतात दिसतो.

गाळा ‘तयार’ म्हणजे किती तयार? दिवे, फरशी, नेटवर्कच्या केबल, एक मीटिंगची खोली, पँट्री, दाराला कुलूप. टेबल-खुर्च्या सोडा, त्या लोक आपल्या आवडीने आणतात. किल्ली घेतल्यापासून आठवड्याच्या आत इंटरनेट चालू होऊन काम करता आलं पाहिजे, ही कसोटी ठेवा. ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कला ५५ ब्रॉड स्ट्रीट ही ३० मजली इमारत १९९० मध्ये ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्ट ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर रिकामी पडली होती. मालकांनी १९९५ मध्ये तिच्यात वेगवान नेटवर्क आधीच घालून ठेवलं आणि ती छोट्या इंटरनेट कंपन्यांना देऊ केली. त्या काळात स्वतःची जोडणी घेणं त्या कंपन्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यामुळे आर्थिक संस्थांनी सोडलेले मजले त्यांनी भरले.

कुणाला जागा द्यायची याला इमारतच काही मर्यादा घालते. ऑफिसचा मजला अमेरिकन मानकात चौरस फुटाला ५० पौंड चल भारासाठी, म्हणजे माणसं आणि सामानाच्या वजनासाठी बांधतात. व्यायामशाळा किंवा सभागृहाला १०० लागतात, हलक्या गोदामाला १२५, पुस्तकांच्या रॅकना १५०. म्हणजे वाचनालय, दफ्तरखाना, जिम यांना वरचे मजले सांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. माणसांचा हिशेब आणखी फसवा असतो. तिथल्या बांधकाम संहितेत ऑफिसला माणशी १५० चौरस फूट धरतात, तर टेबल-खुर्च्या मांडलेल्या हॉलला १५. तोच ३,००० फुटांचा गाळा ऑफिस असेल तर २० माणसं, हॉल असेल तर २००. माणसं ५० झाली की दोन दारं लागतात आणि ती बाहेर उघडावी लागतात. ४४ इंच रुंदीचा जिना माणशी ०.३ इंच या हिशेबाने १४६ माणसांचा. क्लास, कार्यक्रमांची जागा, प्रशिक्षण संस्था हे भाडेकरू उत्साहाने येतात, पण त्यांच्यापायी जिने आणि स्वच्छतागृहं अपुरी ठरली तर वापरबदलाची परवानगी अडते. त्यांना पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर ठेवा. दवाखाने चांगले टिकतात, कारण पेशंटना पत्ता पाठ झालेला असतो. मात्र त्यांना प्रत्येक खोलीत बेसिन लागतं आणि इमारतीत स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. प्रयोगशाळांच्या नादाला लागू नका. त्यांना बाहेरची ताजी हवा सतत लागते, त्यासाठी डक्ट मोठे होतात आणि जुन्या ऑफिसच्या उंचीत ते मावत नाहीत.

करार हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. तीन पायऱ्या ठेवा. अगदी नवख्याला, विशेषतः तळमजल्यावर, महिन्या-महिन्याने वाढणारा वापर-परवाना द्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला २००८ पासून ‘रिन्यू न्यूकॅसल’ या संस्थेने रिकाम्या जागा कलाकार नि कारागिरांना अशाच ३० दिवसांच्या परवान्यावर मिळवून दिल्या. खरा भाडेकरू आला की जागा परत, ही खात्री असल्यामुळे मालक तयार झाले. जरा स्थिरावलेल्याला एक ते तीन वर्षांचा दोन-तीन पानी करार. जुनी साठ पानांची भाडेपट्ट्याची संहिता ९०० फुटांसाठी पुढे केलीत तर वकिलाची फी बघूनच माणूस पळतो. पाच वर्षांचा करार फक्त त्याच्याशी, ज्याच्यासाठी तुम्ही वेगळं बांधकाम करताय.

सामायिक खर्चाचं कलम नीट लिहा. भाडेकरूचा वाटा संपूर्ण इमारतीच्या क्षेत्रफळावर काढायचा, भरलेल्या क्षेत्रफळावर नव्हे. नाहीतर ३७ टक्के जागेतले लोक लिफ्ट, सुरक्षारक्षक आणि कर यांचा १०० टक्के भार उचलतात, आणि भाडं वाजवी असूनही निघून जातात. रिकाम्या जागेचा वाटा मालकाचा. इमारतीवर कर्ज असेल तर बँकेची दोन पत्रं आधी मिळवा: अमुक मापापर्यंतचे करार तिला न विचारता करण्याची मुभा, आणि उद्या तिने इमारत ताब्यात घेतली तरी भाडेकरूचा करार चालू राहील याची हमी. दुसरं पत्र शहाणा भाडेकरू मागतोच.

आता भाडं. चौरस फुटाला वर्षाला १०० धरा, चलन कुठलंही असो. ब्रोकरच्या सल्ल्याने ८५ केलंत तर पाच वर्षांत ४२५ मिळतील. १०० च ठेवून पहिले सहा महिने माफ केलेत तर ४५०. आणि ७०, ८५, १००, ११०, १२० अशी चढती पायरी ठेवलीत तर ४८५, शिवाय नव्या व्यवसायाला पहिल्या वर्षी, म्हणजे जेव्हा गरज असते तेव्हा, सगळ्यात जास्त सवलत. भाडं सरसकट १५ ने घसरलं तर ८ टक्के परताव्याच्या हिशेबाने, म्हणजे वर्षाचं भाडं मूल्याच्या ८ टक्के धरलं तर, इमारतीचं मूल्य चौरस फुटाला १८७.५ ने खाली येतं, आणि बँक नेमकं तेच बघते. (चांगला मूल्यमापक माफीचे महिने वजा करतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत धूळ जाईल अशी आशा धरू नका. फरक इतकाच, की माफी संपते आणि उतरवलेला दर पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत बसून राहतो.) चढती पायरी कोलमडण्याची शक्यता धरून तीन महिन्यांचं डिपॉझिट घ्या.

कोवर्किंगवाल्यांचा, म्हणजे मजला घेऊन त्यातली टेबलं महिन्याच्या बोलीवर देणाऱ्यांचा, फोन येईलच. त्यांना मजला भाड्याने देऊ नका, हवं तर उत्पन्नातल्या वाट्यावर चालवायला द्या. पंधरा वर्षांचं देणं मालकाला आणि महिन्याभराचं येणं गिऱ्हाइकाकडून, या विसंगतीचं काय होतं ते वीवर्क या कोवर्किंग कंपनीच्या नोव्हेंबर २०२३ मधल्या दिवाळखोरी अर्जात सगळ्यांनी पाहिलं.

तळमजला रिकामा असेल तर तो सर्वांत आधी उजेडात आणा, भाडं न मिळालं तरी. काचेवर कागद चिकटवलेल्या इमारतीत वरचा गाळा बघायला आलेला माणूस लिफ्टपर्यंत पोचायच्या आतच मनात नकार देऊन मोकळा होतो. तिथे निश्चित भाड्याऐवजी विक्रीच्या ६ ते ८ टक्के घ्या.

जागा दाखवण्याआधीची कामं कंटाळवाणी आहेत पण टाळू नका. दोन वर्षं बंद मजल्यावर नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओता. साचलेल्या पाण्यात २५ ते ४५ अंश सेल्सिअसला न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेलाचे जीवाणू वाढतात, म्हणून सगळे नळ आठवड्याला सोडा, गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवा आणि वापर सुरू करण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या. एसी पूर्ण बंद ठेवू नका; आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की कार्पेटला बुरशी धरते.

हे सगळं करूनही मजले भरले नाहीत तर घरांचा पर्याय उरतो, पण तो सगळ्या इमारतींना लागू पडत नाही. खिडकीपासून जिने-लिफ्टच्या मधल्या गाभ्यापर्यंत ८-९ मीटर असतील तर जमतं, १२ च्या पुढे गेलं की मधल्या खोल्या अंधाऱ्या होतात. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ऑफिसांची घरं करायला नियोजन परवानगीची गरज उरली नाही, तेव्हा लोकांनी बिनखिडकीच्या खोल्या बांधल्या आणि २०२० मध्ये नैसर्गिक उजेडाची अट घालावी लागली. कॅनडातल्या कॅलगरीने २०२१ मध्ये चौरस फुटाला ७५ डॉलर अनुदान जाहीर केलं, तेव्हा कुठे तिथली गणितं जुळायला लागली. तुमची महापालिका असं काही देते का ते विचारून ठेवा. मघाची ५५ ब्रॉड स्ट्रीटसुद्धा अलीकडे घरांसाठीच बदलली गेली, पण मधली पंचवीसेक वर्षं तिने ऑफिस म्हणूनच काढली.

राहता राहिला तुमचा ब्रोकर. त्याची दलाली एकूण भाड्याच्या टक्क्यांत असते, त्यामुळे ९०० फुटांच्या गाळ्यासाठी चार चकरा मारणं त्याला परवडत नाही, आणि म्हणून तो अख्ख्या मजल्याचं गिऱ्हाईक शोधत भाडं उतरवायला सांगतो. छोट्या गाळ्यांना प्रत्येक करारामागे ठरावीक रक्कम द्या, सही झाल्यापासून सात दिवसांत. आणि गाळ्यांचे दर उघड लिहा. ‘भाड्यासाठी संपर्क करा’ असं वाचून छोटा व्यावसायिक फोनच करत नाही.