आधी त्याची हत्यारं परत द्या

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. क्लासवर दोन लाख घातले, सीईटीला 88 पर्सेंटाइल आले. पण दोन वर्षांपासून तो एका म्हाताऱ्या पियानो ट्यूनरच्या (पियानोचे सूर लावणाऱ्याच्या) मागे हिंडतो. घरातला आजोबांचा जर्मन पियानो उघडून बसतो. 'जुने पियानो दुरुस्त करणार' म्हणतो. स्वतःला धड वाजवता येत नाही, ग्रेडची परीक्षाही अर्ध्यावर सोडली. इंजिनीअर व्हायचं सोडून सुतारकाम करणार का? मी त्याची हत्यारं कपाटात ठेवून कुलूप लावलंय आणि क्लासच्या पैशांचा हिशेब दे म्हणून सांगितलंय. हे खूळ डोक्यातून कसं काढावं? – एक वडील, वसई (पत्र संक्षिप्त)

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात दीड पान क्लासच्या फीवर आहे आणि मुलाला काय आवडतं यावर जेमतेम चार ओळी. मला काळजी वाटली ती त्या दीड पानाची. क्लास तुम्ही निवडलात, फी तुम्ही भरलीत, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आज तो पैसा त्याच्याकडे मागणं म्हणजे त्याने न काढलेल्या कर्जाची वसुली आहे. असं ओझं घेऊन इंजिनीअरिंगला गेलेली मुलं मी दरवर्षी बघते. दुसऱ्या वर्षी विषय राहू लागतात, घरी खोटे निकाल सांगितले जातात आणि आईवडिलांना खरं कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो हल्ली तुमच्याबरोबर जेवायला बसत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. पर्सेंटाइलच्या आधी त्या वाक्याकडे बघा.

'सुतारकाम' हा शब्द तुम्ही तीनदा वापरलाय, तिन्ही वेळा शिवीसारखा. 19 मार्चला तुमच्या चर्चमध्ये ज्या संत योसेफाचा सण होतो, त्याचा व्यवसाय कोणता होता, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात पियानोच्या अडकलेल्या एका पट्टीपायी मुलाने अख्खा रविवार घालवला, अशी तुमची तक्रार आहे. मी ती वाचली आणि मला मुलगा आवडला. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टीच्या भोकाला आतून लावलेलं कापडही फुगतं आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. घाई असणारा माणूस कानस घेऊन लाकूडच घासतो आणि पट्टी कायमची सैल करून ठेवतो. तुमच्या मुलाने ते कापड जरासं दाबलं, पट्टी बसवून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा दाबलं. तारांना त्याने हात लावला नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण साधारण 15 ते 20 टन भरतो. तारा ताणून धरणाऱ्या पिना ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते फाटलंय का, साउंडबोर्डला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, चीर गेलीय का, बिडाची चौकट शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय नव्या तारा चढवणं धोक्याचं. कुठे थांबायचं हे त्याला अठराव्या वर्षी कळलंय. याला खूळ म्हणू नका.

आता तुमचा एक गैरसमज. उत्तम वाजवणाऱ्यालाच किंवा जन्मजात 'स्वरांचा कान' असणाऱ्यालाच हे काम जमतं, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. ट्यूनर बहुतेक वेळा एकटा स्वर ओळखत नसतो, दोन स्वर एकत्र वाजवून त्यांच्यातली थरथर ऐकत असतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात मुलाने 'बीट्स' शिकले ना, तेच हे. मधल्या सी-खालच्या एफ आणि ए या दोन पट्ट्या एकत्र दाबल्या, तर नीट लावलेल्या पियानोत सेकंदाला साधारण सात बीट्स ऐकू यायला हवेत. वाजवता आलं तर फायदाच, पण हा कान सरावाने तयार होतो. अर्ध्यावर सोडलेल्या ग्रेडच्या परीक्षेचा याच्याशी फारसा संबंध नाही.

पोट भरेल का? खोटी आशा दाखवणार नाही. नव्याने शिकणारी बरीच मुलं डिजिटल पियानो घेतात, त्याला ट्यूनिंग लागत नाही. जुने पियानो आहेत ते मुंबईतल्या पारशी आणि ख्रिस्ती घरांत, गोव्यात, शाळांत, चर्चमध्ये, हॉटेलांत. त्यातलेही सगळे दुरुस्तीच्या लायकीचे नसतात आणि 'यावर पैसे घालू नका' असं मालकाला सांगणं हाही या धंद्याचाच भाग आहे. सुरुवातीची काही वर्षं हार्मोनियम, लाकडाचं पॉलिश, मिळेल ते काम करावं लागेल. हे त्याला स्पष्ट सांगा, पण धमकी म्हणून नको.

इंजिनीअरिंग प्रवेशाची कॅप फेरी भरायची असेल तर त्याला विचारून भरा; बीएस्सी फिजिक्सही चालेल. परदेशात शिकायचंच तर जर्मनीत पियानो बांधणीचं साडेतीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आहे. मुलं कारखान्यात काम करतात, विद्यावेतन मिळतं आणि लुडविग्सबुर्गच्या व्यवसाय शाळेत शिकतात. त्यासाठी जर्मन भाषा यायला हवी आणि एखाद्या कारखान्याने ठेवून घ्यायला हवं. बॉस्टनच्या नॉर्थ बेनेट स्ट्रीट स्कूलमध्येही अभ्यासक्रम आहे, पण खर्च मोठा. आत्ताच पैशांची जुळवाजुळव करू नका. आधी वर्षभर त्याला त्या ट्यूनरकडे रीतसर जाऊ दे, सोबत जर्मनचा वर्ग लावा आणि आजोबांचा पियानो त्याच्या ताब्यात द्या. वर्षाच्या शेवटी बाहेरच्या जाणकाराला बोलावून काम दाखवा आणि मग ठरवा. (पट्ट्यांवरचं आवरण हस्तिदंताचं निघालं तर विकायला जाऊ नका, तो व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे.)

कपाटाचं कुलूप मात्र याच आठवड्यात काढा. आणि त्याला माझ्याकडे पाठवायचं असेल तर एकट्याला पाठवा. तुम्ही शेजारी बसलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघून उत्तरं देईल.