पहिल्या वर्षाचं गणित नेमकं कुठे अडतं

तू विचारलंस की कॉलेजात येण्याआधी गणितात चांगले मार्क पडायचे, आणि आता पहिल्याच सेमिस्टरला डिफरन्शियल इक्वेशन, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स सगळंच डोक्यावरून जातंय. तर पाया पक्का करायला कुठलं पुस्तक घ्यावं. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवतोय. पुस्तक सध्या राहू दे. तुझी चुकलेली गणितं घे आणि प्रत्येकात नेमक्या कोणत्या ओळीत चूक झाली तिथे पेन्सिलीने खूण कर. माझा अनुभव असा, की नव्या धड्यावर फारशा खुणा पडत नाहीत. पडतात त्या शाळेतल्या बीजगणितावर आणि त्रिकोणमितीवर.

एक गणित बघू: डीवाय बाय डीएक्स + (२/एक्स) वाय = एक्स. हे लिनियर आहे, इंटिग्रेटिंग फॅक्टर (ज्याने गुणलं की डावी बाजू सरळ इंटिग्रेट होते) काढायचा, इथवर सगळ्यांना येतं. ई च्या घातांकात येतं २ लॉग एक्स. आणि इथे कितीतरी मुलं उत्तर लिहितात २एक्स. खरं उत्तर एक्सचा वर्ग, कारण लॉगच्या मागचा २ आधी एक्सचा घात होऊन आत जातो, मगच ई आणि लॉग कटतात. पुढे एक्सचा वर्ग गुणिले वाय = एक्सचा चौथा घात भागिले ४, अधिक सी. आता वाय एकटा करताना सी लाही एक्सच्या वर्गाने भागावं लागतं, तेही हमखास राहून जातं. दोन्ही चुका डिफरन्शियल इक्वेशनच्या नाहीतच, पण मुलं तोच धडा पुन्हा पुन्हा वाचत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

ऑयलरच्या प्रमेयातही हेच. फंक्शन होमोजीनियस असेल, म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही टी पट केले की टी चा एकच घात (तीच डिग्री) बाहेर येत असेल, तर एक्स गुणिले त्याचं एक्सचं पार्शल डेरिव्हेटिव्ह अधिक वाय गुणिले वायचं, ही बेरीज डिग्री गुणिले तेच फंक्शन एवढी येते. यू = टॅन इन्व्हर्स [(एक्स घन + वाय घन) / (एक्स − वाय)] असं देऊन यू साठी ती बेरीज विचारली, की लगेच डिग्री २ धरून उत्तर २यू. पण यू होमोजीनियस नाहीच, टॅन यू आहे. प्रमेय टॅन यू ला लावलं की डावीकडे सेक स्क्वेअर यू येतो, त्याने भागलं की २ साइन यू कॉस यू, म्हणजे साइन २यू. प्रमेयाची ओळ एकच, बाकी सगळी त्रिकोणमिती.

म्हणून दोन-तीन आठवडे रोज पाऊण तास जुन्याच गोष्टींना दे: लॉग आणि घातांकाचे नियम, पार्शल फ्रॅक्शन, पूर्ण वर्ग करणं, साइन-कॉसची मोजकी सूत्रं, चेन रूल, बाय पार्ट्स. सूत्रं वाचू नकोस, कोऱ्या कागदावर न बघता लिही. सोडवलेलं उदाहरण घेतलंस तर उत्तर झाकून स्वतः कर आणि अडलं की फक्त एक ओळ उघड.

मॅट्रिक्सचं दुखणं मात्र वेगळं आहे. तिथे हात चालतो, पण आपण काय काढतोय हेच माहीत नसतं. रँक म्हणजे खरोखर नवं काही सांगणारी समीकरणं किती. एक्स + वाय = २ आणि २एक्स + २वाय = ४, यातलं दुसरं काहीच नवं सांगत नाही, म्हणून रँक १ आणि उत्तरं अनंत. दुसऱ्यात ४ च्या जागी ५ टाक. आता दोन समीकरणं एकमेकांशी भांडतात: साध्या मॅट्रिक्सची रँक १, ऑगमेंटेडची (उजवीकडचे आकडेही जोडलेल्या मॅट्रिक्सची) २, उत्तर नाही. रँकवरून उत्तर आहे की नाही ठरवायचा तो लांबलचक नियम एवढंच म्हणतो.

आयगेन व्हॅल्यूसाठी पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २ अशी मॅट्रिक्स घे. तिने (१, १) ला गुण, (३, ३) मिळेल: दिशा तीच, लांबी तिप्पट. (१, −१) ला गुण, जसंच्या तसं परत येईल. (१, ०) ला गुणलं तर (२, १), म्हणजे दिशा बदलली. ज्या दिशा बदलत नाहीत त्या आयगेन व्हेक्टर, आणि ३ आणि १ या आयगेन व्हॅल्यू. पूल किंवा इमारत कोणत्या वेगाने थरथरेल हे काढतानाही पुढे असेच आकडे लागतात. हे हाताने केल्यावरच कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन सोडव. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज ४, तीच मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज. गुणाकार ३, तोच डिटरमिनंट. तीन बाय तीनलाही ही तपासणी लागू पडते, आणि परीक्षेत ती अर्ध्या मिनिटात होते.