वाचक विचारतात : फुगा, स्टेंट आणि हातातली वेळ

हृदयाच्या नळ्यांविषयी मागच्या अंकात लेख आला, त्यानंतर विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतली सहा निवडून इथे उत्तरं देत आहोत. गोळ्यांचे डोस सर्वसाधारण आहेत. प्रत्यक्ष बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका पाहुण्या डॉक्टरांनी सांगितलं, की हृदयाचा फुगा आणि स्टेंट यांच्यामागे मुख्यतः डॉक्टरच आहेत. रोगी तपासणारा माणूस यंत्र कसं काय घडवतो? — एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पाहुण्यांनी बरोबर सांगितलं. फुगा अरुंद झालेली धमनी आतून उघडतो, आणि स्टेंट म्हणजे ती उघडी धरून ठेवणारी जाळी. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे काम जिथे चालतं त्या खोलीत, काय बिघडतं ते सगळ्यांत आधी टेबलाशी उभ्या डॉक्टरला दिसतं. त्यामुळे या क्षेत्रातलं जवळजवळ प्रत्येक साधन आधीच्या साधनाच्या एखाद्या नेमक्या अपयशातून आलं आहे.

आंद्रेआस ग्रुंटझिग हे झुरिचमधले डॉक्टर. रबरी फुगा अरुंद नळीत फुगवला, की सायकलच्या ट्यूबला पातळ जागी फुगवटा यावा तसा तो मोकळ्या बाजूला फुगतो आणि कडक गाठ आहे तशीच राहते. त्यांना ठरलेल्या मापापर्यंतच फुगणारा आणि त्यापुढे नुसता दाब वाढवणारा फुगा हवा होता. घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीव्हीसीच्या नळ्या तापवून, चिकटवून त्यांनी तो तयार केला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत तो पहिल्यांदा फुगवला गेला.

मग फुग्याचे दोष दिसू लागले. फुगा काढला की नळी पुन्हा आक्रसायची. कधी आतलं अस्तर फाटून त्याचा पडदा लोंबायचा आणि काही तासांतच नळी बंद व्हायची, म्हणून शल्यविशारदांना तयारीत ठेवावं लागे. ज्यांचं सगळं नीट पार पडलं त्यांच्यातही शंभरात तीस-चाळीस जणांची नळी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होई. नळी आतून धरून ठेवणारी जाळी हवी हे उघड झालं. ग्रुंटझिग यांचं व्याख्यान ऐकून मूळचे अर्जेंटिनाचे रेडिओलॉजिस्ट हुलिओ पाल्माझ फुग्यावर बसवून उघडायच्या जाळीच्या मागे लागले. माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट या हृदयरोगतज्ज्ञांनी बसवले. पाल्माझ आणि रिचर्ड शॅट्झ यांच्या स्टेंटला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

तरी जाळीच्या आत मांस वाढायचंच. म्हणून तिच्यावर पेशींची वाढ रोखणाऱ्या सिरोलिमससारख्या औषधाचा लेप आला. त्या लेपामुळे अस्तर भरून यायला उशीर होऊ लागला आणि उघड्या राहिलेल्या धातूवर महिन्यांनी, कधी वर्षांनीही गुठळी होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून तारा बारीक झाल्या. जुन्या पोलादी जाळीची तार सुमारे १४० मायक्रॉन जाडीची असे, आजच्या कोबाल्ट-क्रोमच्या अनेक जाळ्यांची ६० ते ८० मायक्रॉन असते.

मापं मुलांना सांगण्यासारखी आहेत. मनगटातून घालायची मुख्य नळी (कॅथेटर) साधारण २ मिलिमीटरची, तिच्यातून जाणारी मार्गदर्शक तार ०.३६ मिलिमीटरची, उघडलेला स्टेंट बहुधा २.२५ ते ४ मिलिमीटरचा. तो हवेच्या दाबाच्या दहा-बारा पटींनी उघडतात आणि मग कडक फुग्याने अठरा-वीस पटींपर्यंत दाबून भिंतीला नीट चिकटवतात. ही शेवटची पायरी उरकून टाकली आणि जाळी अर्धवट उघडी राहिली, तर पहिल्याच महिन्यात गुठळी होण्याची भीती असते. चुना साचलेली नळी नुसत्या दाबाने उघडत नाही. तिथे हिऱ्याचे कण बसवलेलं, मिनिटाला दीड लाख फेरे घेणारं टोक वापरून ती आधी घासून घ्यावी लागते.

प्रश्न : बाबांना (वय ५८) अटॅक आला होता, चार महिन्यांपूर्वी नागपुरात स्प्रिंग टाकली. आता दाढ काढायची आहे. दातांचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा. त्यात बाबांनी दम लागतो म्हणून एक गोळी आठवड्यापासून स्वतःच सोडली आहे. वावरात कधी जाऊ द्यावं? — एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पत्राचं उत्तर वाचत बसू नका, आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी सोडल्याचं सांगा. हे आजच करा.

अटॅकनंतरच्या स्टेंटला साधारण १२ महिने दोन गोळ्या लागतात. एक ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, दुसरी क्लोपिडोग्रेल ७५ दिवसातून एकदा किंवा टिकाग्रेलॉर ९० दिवसातून दोनदा. आतला धातू अस्तराने पुरता झाकला जाईपर्यंत रक्तातल्या चिकट पेशींना तो परकाच वाटतो. गोळी मधेच बंद झाली तर धमनी अचानक पूर्ण बंद होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. बाबांची सोडलेली गोळी टिकाग्रेलॉर असावी असा आमचा अंदाज आहे, कारण धाप लागणं हा तिचा ओळखीचा परिणाम आहे. बसल्या बसल्या एकदम खोल श्वास घ्यावासा वाटतो, पण छातीत पाणी नसतं. डॉक्टर तपासून खात्री करतील आणि गरज वाटल्यास क्लोपिडोग्रेलवर आणतील. दम हृदय कमजोर झाल्याचाही असू शकतो, म्हणून तपासणी टाळू नका.

दाढ दोन्ही गोळ्या चालू ठेवून काढता येते. एका वेळी एकच दाढ, सकाळच्या वेळी, वर घडी करून ठेवलेला गॉज अर्धा तास घट्ट चावून, लागला तर टाका आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या. रक्त थोडं जास्त वेळ झिरपेल, पण तोंडात ते दिसतं आणि दाबून थांबवता येतं. हृदयातली गुठळी घरी बसून थांबवता येत नाही. दाढ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक मात्र घेऊ नका. या गोळ्यांसोबत तिने पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालेल. ॲसिडिटीसाठी क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल बरी. शौच डांबरासारखी काळी झाली तर लगेच दवाखाना.

छातीत दुखत नसेल आणि इकोमध्ये हृदयाचं पंपिंग चांगलं असेल, तर चार महिन्यांनी वावरात जायला हरकत नाही. सुरुवात सकाळच्या हलक्या कामाने करा. पंधरा-सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन भर उन्हात पऱ्हाटीत फिरणं मात्र डॉक्टरांना विचारूनच. मे महिन्याच्या उन्हात घामाने पाणी जातं आणि बीपीच्या, लघवीच्या गोळ्यांनी बीपी आणखी उतरतं. उठताना अंधारी येत असेल तर त्या गोळ्यांचा डोस कमी करून घ्यायची वेळ आली आहे असं समजा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना हात लावायचा नाही.

प्रश्न : स्टेंटचे पैसे नेमके किती? एकाच दवाखान्यात दोघांना वेगळे बिल आले. — एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने कमाल किंमत ठरवली. औषधी स्टेंटला २९,६०० आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, कर वेगळा. पुढे हे आकडे बदलत आले आहेत. स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळे लिहून मिळायला हवेत, ते मागून घ्या. बिलातला फरक बहुधा फुगे, तारा, आयसीयूचे दिवस आणि स्टेंटची संख्या यांचा असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं) बसते. शिधापत्रिका आणि आधार घेऊन, भरती होतानाच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. सुटी झाल्यावर जाऊन उपयोग होत नाही.

प्रश्न : मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. इथून कॅथलॅब शेकडो किलोमीटर दूर, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. छातीत दुखणारा माणूस आला तर आम्ही नेमकं काय करावं? — ता. भामरागड, जि. गडचिरोली

उत्तर : या अंकातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र हेच आहे, असं आम्हाला वाटतं. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत रोगी फुग्यापर्यंत पोचणार असेल तरच थेट अँजिओप्लास्टी. तुमच्याकडून ते शक्य नाही. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, तिथेच, आणि फुगा नंतर. हा कमी प्रतीचा उपचार नाही. वेळेत दिलेलं इंजेक्शन हृदयाचा स्नायू वाचवतं.

रोगी आल्यापासून १० मिनिटांत ईसीजीची पट्टी काढा आणि तिचा फोटो डॉक्टरांना पाठवा. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. ७५ च्या चार गोळ्याही चालतील, पण आतड्यात विरघळणारं वेष्टण असेल तर नीट चावायला लावा. क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम, वय ७५ च्या वर असेल तर ७५ च. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट (नळ्या सैल करणारी गोळी) ठेवू नका. पट्टीत खालच्या बाजूचा अटॅक दिसत असेल तरी नको, हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडलेला असला तर बीपी कोसळतं. दुखणं थांबवायला कमरेत इंजेक्शन टोचण्याची सवय इथे फार घातक आहे. गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर त्या जागी मोठी रक्ताची गाठ होते. जे द्यायचं ते शिरेतून.

डॉक्टरांनी पट्टी पाहून होकार दिला, दुखणं सुरू होऊन १२ तास झालेले नाहीत, आणि पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे लकवा, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, चालू रक्तस्राव किंवा १८०/११० च्या वरचं बीपी यांपैकी काही नाही, तर टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध वजनावर द्यायचं. ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, त्यापुढे ५०. पंच्याहत्तरीपुढे अर्धा डोस. हे औषध एकाच झटक्यात देता यावं असंच घडवलं आहे, ५ ते १० सेकंदांत जातं. बाटली हलवू नका, गोल फिरवा, नाहीतर फेस येतो. शिरेत आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर नळी सलाईनने धुऊन घ्या. डेक्स्ट्रोजशी त्याचा साका होतो. सोबत हेपारिन किंवा एनॉक्सापॅरिन डॉक्टर सांगतील तसं. तुमच्याकडे फक्त स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट १०० मिली सलाईनमध्ये ३० ते ६० मिनिटांत. बीपी उतरलं तर थेंब मंद करा आणि पाय उंच करा. पूर्वी ते कधी दिलं गेलं असेल तर पुन्हा नको.

इंजेक्शन होताच १०८ वर पुढची व्यवस्था सुरू करा, परिणामाची वाट पाहू नका. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा पट्टी काढा. जिथे रेषा सर्वांत जास्त उचललेली होती तिथे ती निम्म्याने किंवा त्याहून जास्त खाली यायला हवी. आली नाही तर औषध फसलं, रोग्याला तातडीने कॅथलॅब हवी. आली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (धमन्यांची एक्स-रेखाली तपासणी) व्हायला हवी. रस्ता बंद असेल तर निदान पहिला टप्पा तुमच्या हातून झालेला असतो. दोन्ही पट्ट्यांवर वेळ लिहा आणि त्या रोग्यासोबत पाठवा. पुढच्या डॉक्टरांचा सगळा निर्णय त्यांवर असतो.

प्रश्न : वहिनी २६ वर्षांची, चार महिन्यांची गरोदर. झडप अरुंद आहे, फुग्याने उघडू असं सांगितलं. बाळाला धोका आहे का? — एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात, त्या तापाने बिघडलेली ही मायट्रल झडप असावी. तिचं तोंड एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर. गरोदरपणात रक्त वाढतं आणि ठोके वाढतात. ठोके जलद झाले की रक्ताला झडपेतून उतरायला वेळच मिळत नाही आणि ते फुप्फुसात तुंबतं. म्हणून आधी ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी, आराम आणि कमी मीठ. एवढ्यानेही दम राहिला तर फुगा, शक्यतो २० आठवडे उलटल्यावर, पोटाला शिशाचं आवरण देऊन आणि एक्स-रे कमीत कमी वापरून.

हा फुगा जपानचे शल्यविशारद कांजी इनौए यांचा, १९८२ मधला. जांघेतल्या शिरेतून उजव्या कप्प्यात, मधला पडदा सुईने भेदून डाव्या कप्प्यात आणि तिथून झडपेत. आधी पुढचा भाग फुगतो आणि झडपेत अडकतो, मग मागचा, शेवटी कंबर. त्यामुळे तो निसटत नाही. मापाचा हिशेब सोपा आहे : उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले दहा, अधिक दहा. १५० सेंटिमीटरला २५ मिलिमीटर, पण सुरुवात एक-दोन मिलिमीटर कमीने करतात. माप मोठं घेतलं तर झडप फाटून गळू लागते. डाव्या कप्प्यात गुठळी असेल तर फुगा घालतच नाहीत, म्हणून अन्ननलिकेतून सोनोग्राफी आधी होते. ती केली का, हे विचारा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर दर २१ दिवसांनी त्याचंच १२ लाख युनिटचं इंजेक्शन गरोदरपणातही चुकवू नये. बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच ठरवा.

प्रश्न : बारावीला आहे. मला हृदयाचे डॉक्टरही व्हायचे आहे आणि यंत्रेही बनवायची आहेत. — एक विद्यार्थी, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : आधी ‘नीट’ परीक्षा, एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मेडिसिनमधली एमडी तीन, मग कार्डिऑलॉजीची डीएम तीन. यंत्राकडे जायला इतकं थांबावं लागत नाही. नागपूरची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आयआयटी मुंबईच्या वैद्यकीय उपकरण केंद्राशी जोडलेली आहे, तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र काम करतात.

धीर किती लागतो ते तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेच्या झडपेवरून पाहा. हृदयशल्यविशारद एम. एस. वलियाथन यांच्या चमूची पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं, कोबाल्ट मिश्रधातूच्या चौकटीत पॉलिथिलीनची चकती असलेलं, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रोग्याला बसवलं गेलं. स्टेंट असेल तर तो यंत्रावर सुमारे ४० कोटी वेळा दाबून पाहतात, हृदयाचे तेवढे ठोके म्हणजे दहा वर्षं. पुढे डुकराच्या धमनीत चाचणी, नीतिमत्ता समितीची परवानगी, मग माणसांवर अभ्यास. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत स्टेंट आणि झडपा सर्वांत कडक ‘ड’ वर्गात येतात आणि परवाना दिल्लीहून मिळतो.

पेटंटचं एक लक्षात ठेव. आपल्या कायद्यात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळतं. कल्पना प्रदर्शनात मांडली किंवा इंटरनेटवर टाकली तर तिचं नवेपण गेलं असं धरलं जाऊ शकतं. आधी तात्पुरता अर्ज भर. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.