अँग्लिकन चर्च : ‘प्रांत’ की ‘धर्मप्रांत’?

अँग्लिकन चर्चविषयीच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील ख्रिस्ती चर्चविषयीच्या, मराठी मजकुरात ‘डायोसीझ’ आणि ‘प्रॉव्हिन्स’ या दोहोंसाठी कधी ‘प्रांत’, तर कधी ‘धर्मप्रांत’ असे लिहिलेले आढळते. या शब्दांत भेद कोणता, आणि चर्च ऑफ इंग्लंडमधील सर्वांत वरिष्ठ बिशप असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांना ‘अँग्लिकनांचे पोप’ म्हणणे बरोबर आहे का, असा प्रश्न विचारण्यात आला आहे.

एका बिशपच्या अधिकाराखालील क्षेत्र म्हणजे डायोसीझ. त्यासाठी मराठी ख्रिस्ती समाजात ‘धर्मप्रांत’ हा शब्द रुळलेला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. खरी अडचण ‘प्रॉव्हिन्स’ची आहे, कारण मूळ शब्दच दोन अर्थांनी वापरला जातो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये कँटरबरी आणि यॉर्क असे दोन प्रॉव्हिन्स आहेत व प्रत्येकात अनेक धर्मप्रांत येतात. परंतु जागतिक पातळीवर मोजणी होते तेव्हा संपूर्ण चर्च ऑफ इंग्लंड हाच एक प्रॉव्हिन्स धरला जातो. या दुसऱ्या अर्थाचे ४०हून अधिक प्रॉव्हिन्स जगात आहेत, आणि १९४७ साली स्थापन झालेले चर्च ऑफ साउथ इंडिया व १९७० सालचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही अँग्लिकनांसह अनेक पंथांच्या एकत्रीकरणातून झालेली चर्चेही त्यांत मोडतात. म्हणून पहिल्या अर्थी ‘प्रांत’ आणि दुसऱ्या अर्थी ‘स्वायत्त चर्च’ असे लिहावे, असे माझे मत आहे. ‘प्रांत’ म्हटले की वर कोणीतरी केंद्रसत्ता असणार, असे वाचकाला साहजिकच वाटते, आणि इथे नेमके तेच नाही.

या सर्व चर्चांच्या समूहाला ‘अँग्लिकन कम्युनियन’ म्हणतात. ‘संघटना’ किंवा ‘महासंघ’ यांपेक्षा मराठी बायबलमधील ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ या प्रयोगातला ‘सहभागिता’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण हे नाते नियमावलीपेक्षा परस्परांना मान्य करण्यावर आणि कँटरबरीशी असलेल्या संबंधावर उभे आहे. प्रत्येक स्वायत्त चर्च आपले कायदे स्वतः करते आणि आपले बिशप आपल्याच पद्धतीने निवडते.

‘पोप’ हे विशेषण त्यामुळेच दिशाभूल करणारे आहे. कँटरबरीचे आर्चबिशप समकक्षांत पहिले मानले जातात. दुसऱ्या चर्चच्या बिशपला ते पदावरून काढू शकत नाहीत. त्यांच्या हाती प्रामुख्याने असते ते बिशपांच्या परिषदेचे निमंत्रण. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ (Natal) प्रदेशाचे बिशप कोलेन्झो यांच्या मतांवरून वाद पेटलेला असताना कॅनडातील बिशपांच्या आग्रहावरून आर्चबिशप लाँगली यांनी १८६७ साली अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद बोलावली, तेव्हाही ती विचारविनिमयासाठी असेल, कायदे करण्यासाठी नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केले होते. तरीही यॉर्कचे आर्चबिशप तिला गेले नाहीत. परिषदेचे ठराव आजही कोणत्याही चर्चवर कायद्याने बंधनकारक नसतात. २००३ साली एपिस्कोपल चर्च या अमेरिकेतील अँग्लिकन चर्चने न्यू हॅम्पशायरच्या बिशपपदी जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूंचा अभिषेक केला, तेव्हा अनेक आफ्रिकी चर्चांचा तीव्र विरोध असूनही कँटरबरीला तो रोखता आला नाही. २००८च्या लॅम्बेथ परिषदेचे निमंत्रण रॉबिन्सन यांना मिळाले नाही, एवढेच झाले.

आर्चबिशप आणि लॅम्बेथ परिषद यांच्याखेरीज या स्वायत्त चर्चांना जोडणारे आणखी दोन दुवे आहेत. अँग्लिकन सल्लागार परिषदेत बिशपांबरोबर इतर धर्मगुरू व सामान्य सभासदही बसतात. तिची पहिली बैठक १९७१ साली केनियातील लिमुरू येथे झाली. दुसरा दुवा म्हणजे स्वायत्त चर्चांच्या प्रमुखांची, अर्थात ‘प्राइमेट’ मंडळींची बैठक. मराठी वाचकाला हा शब्द प्राणिशास्त्रातून, माकडे आणि वानरे यांच्या गणाचे नाव म्हणून परिचित असल्याने तो जसाच्या तसा न वापरणेच बरे. शिवाय पदनामही सर्वत्र एक नाही. स्कॉटलंडमध्ये ‘प्रायमस’, अमेरिकेत ‘प्रिसायडिंग बिशप’, तर इंग्लंडमध्ये यॉर्कचे आर्चबिशप ‘इंग्लंडचे प्राइमेट’ आणि कँटरबरीचे ‘अखिल इंग्लंडचे प्राइमेट’ म्हणवले जातात. सर्वसाधारण उल्लेखासाठी ‘प्रमुख बिशप’ पुरेसे आहे. विशिष्ट व्यक्तीविषयी लिहिताना मात्र तिचे स्थानिक पदनामच द्यावे.