विद्यापीठाच्या प्रकल्पावर जाताय? अनुभवाचा कागद तिथे असतानाच घ्या

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. दारव्हा तालुक्यातलं गाव, कीटकशास्त्रात एम.एस्सी., मोठ्या नावाच्या विद्यापीठात कापसाच्या प्रकल्पावर एसआरएफ, म्हणजे सिनियर रिसर्च फेलो, म्हणून निवड, ऑर्डर ११ महिन्यांची. घरचे खुश आहेत, आणि तुम्ही विचारता की जावं का, हा अनुभव पुढे कुठे धरतात का. मीही असाच शेतकऱ्याच्या घरातून अशाच प्रकल्पावर लागलो होतो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथे मला जीव लावणारी माणसंही भेटली, सगळ्यांना एका मापाने मोजायचं नाही.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: जा. काम सोन्यासारखं आहे. सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, आठ-आठ पतंग अडकले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर दोनात अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली, हे आपण सगळे पुस्तकात शिकलोच. पण धुऱ्यावर उकिडवं बसून बोंड फोडायचं, एकेक कप्पा मोकळा करून सरकीपाशी दडलेली गुलाबी अळी शोधायची, आणि शेजारी शेतकरी वाकून विचारतो, "काय निंगालं साहेब?" त्या वेळी विद्यापीठाच्या नावाचं वजन कळतं. आपण काय बोलतो त्यावर तो एका फवारणीचा खर्च करणार असतो किंवा वाचवणार असतो. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने कपाशीचं काय केलं आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली, हे आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. अशा माणसांसमोर विद्यापीठाचा माणूस म्हणून उभं राहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आजही मी ती मोठीच मानतो.

शिवाय ग्रंथालय. विद्यापीठाच्या नेटवर्कवर सेरा या कृषी संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहातून जी संशोधनपत्रं उघडतात, ती गावात बसून विकत घेणं आपल्याला झेपत नाही. संध्याकाळी खोलीवर झोपा काढू नका, तिथे बसा. कृषी विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर सहसा एएसआरबीची, म्हणजे कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची, नेट ही पात्रता परीक्षा लागते. तिचा अभ्यास तिथे राहूनच होतो, घरी आल्यावर तूर आणि हरभरा तो होऊ देत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. यात माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

११ महिन्यांची ऑर्डर संपली की मधे एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड, म्हणजे कागदोपत्री नोकरीत नसल्याचे दिवस, द्यायचे आणि नवी ऑर्डर निघायची. त्या खंडातही मी प्लॉटवरच असायचो, कारण निरीक्षणाची तारीख चुकवता येत नाही. प्रकल्प संपला, प्रकल्पप्रमुखांची बदली झाली, मी गावी आलो. पुढे एका कायम पदाची जाहिरात निघाली. तिच्यात अनुभव प्रमाणपत्राचा नमुना दिला होता: पदनाम, कालावधी, मानधन, कामाचं स्वरूप, जावक क्रमांक, सक्षम अधिकाऱ्याची सही. मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. आस्थापना शाखा म्हणाली, प्रकल्पाची माणसं आमच्या आस्थापनेवर नसतात, लेखा शाखेत जा. लेखा शाखा म्हणाली, आम्ही फक्त बिलं काढतो, प्रमाणपत्र विभाग देतो. विभाग म्हणाला, प्रकल्प बंद झाला, फाईल अभिलेख कक्षात गेली, आता सही कोण करणार? पुन्हा आस्थापना. पहाटेची एसटी धरून जायचं, टेबलामागून टेबल फिरायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. कोणी वाईट बोललं नाही. चहासुद्धा पाजला. पण सही कोणी केली नाही.

शेवटी जे पत्र हातात पडलं त्यात एवढंच होतं की सदर व्यक्तीने या विभागात प्रकल्पावर काम केले आहे. पदाचं नाव नाही, तारखा नाहीत, मानधन नाही. छाननीत माझ्या अनुभवाच्या रकान्यात शून्य पडलं. माझ्या हाताने मांडलेल्या प्लॉटची आकडेवारी अहवालात छापलेली आहे, ती गोळा करणाऱ्याचा अनुभव मात्र शून्य. इतकी वर्षं झाली तरी याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. ज्या संस्थेचं नाव मोठं, तिच्या कार्यालयाला आपल्याकडे राबलेल्या पोराला एक धड कागद देता येऊ नये, हे मला पटत नाही. कायम नोकरीतल्या माणसाचं सेवापुस्तक जपून ठेवतात. कंत्राटी पोरगा गेला की त्याची नोंद कुठे आहे हे कोणाला सांगता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: दर ऑर्डर संपताना, नवी निघायच्या आधी, त्या मुदतीचं प्रमाणपत्र मागा. प्रकल्प संपायची वाट पाहू नका. जो सही करणार आहे तो त्या खुर्चीत बसलेला असतानाच सही होते. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. रुजू अहवाल, प्रत्येक ऑर्डर, मानधन जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, कार्यमुक्ती आदेश, सगळं एका फाईलमध्ये. प्रमुख म्हणतील, "अरे, इतकी काय घाई?" तर नम्रपणे सांगा, "सर, घरचे मागतात." घरच्यांचं नाव घेतलं की सहसा कोणी दुखावत नाही.

एवढं करूनही अडलंच तर माहिती अधिकार आहे, पण तो नीट वापरा. "मला प्रमाणपत्र द्या" असा अर्ज केला तर ते म्हणतील ही माहिती नव्हे, आणि ते बरोबरच असेल. त्याऐवजी आपल्या नेमणूक आदेशांच्या आणि मानधन देयकांच्या प्रमाणित प्रती मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, अर्ज १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मला ही वाट फार उशिरा एका निवृत्त अधीक्षकांनी सांगितली, तोवर ती निवड होऊन गेली होती.

मी वकील नाही. अनुभव कोणता धरायचा हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं. काही ठिकाणी संशोधनाचा अनुभव चालतो, काही ठिकाणी शिकवण्याचाच लागतो. तुमच्या विद्यापीठात कार्यालय चांगलंही असेल, माझ्यावरून सगळ्यांना तोलू नका.

पगाराचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत साधारण ७५ टक्के वाटा केंद्राच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचा आणि २५ टक्के राज्याचा असतो, आणि पैसे हप्त्याने येतात. हप्ता अडकला की मानधन अडकतं. पण खोलीभाडं आणि मेस दर महिन्याला द्यावीच लागते. म्हणून घरून निघताना काही महिन्यांची सोय करून निघा, आणि त्यासाठी सोसायटीचं पीककर्ज वापरू नका. गावात "पोट्टं विद्यापीठात लागलं" म्हटलं की लोक कायमची नोकरी समजतात आणि सोयरिकी येऊ लागतात. वडिलांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की ११ महिन्यांचं आहे, म्हणजे पुढे त्यांना चार लोकांत खाली पाहावं लागणार नाही.

रुजू होताना हमीपत्र मागतात, त्यात "कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही" असं असतं. ते सगळ्यांकडूनच घेतात, घाबरू नका, पण सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. स्टॅम्प पेपर मागितला तर किती रुपयांचा ते आधी विचारून जा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात बऱ्याच कामांना १०० चा चालत नाही, ५०० चा लागतो.

ऑर्डर हातात आली की पदनाम, मुदत आणि निधी कोणाचा आहे, एवढं इथे लिहा. प्रमाणपत्राच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. मी आता एका कृषी तंत्र विद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना तोच देतो. तुमच्या ऑर्डरप्रमाणे बदलून इथेच टाकतो.