कन्व्हेयरवरचे दोन कॅमेरे आणि स्ट्रोब अर्डुइनो ऊनो (आर३) बोर्डवरून अचूक वेळेला कसे ट्रिगर करायचे?

तुमची अडचण मला कळली ती अशी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कास्टिंग अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगानं पुढं जातात. दोन कॅमेरे आणि एक एलईडी स्ट्रोब (क्षणभर झोत टाकणारा दिवा) सेकंदाला २० वेळा चालवायचे आहेत. प्रोग्रामच्या लूपमध्ये डिजिटलराइट (पिन वर-खाली करणं), सिरियल प्रिंट (कॉम्प्युटरला मजकूर पाठवणं) आणि डिले (थांबणं) लावलाय, आणि फोटो कधी पुसट तर कधी काळे येतात.

पुसटपणाचं खापर ट्रिगरवर फोडू नका. या वेगाला एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) २ मिलिसेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात कास्टिंग १ मिलिमीटर सरकतं. स्ट्रोबचा झोत १०० मायक्रोसेकंदांचा केला की तेच ०.०५ मिलिमीटरवर येतं. फक्त शेडमधला बाहेरचा उजेड कॅमेऱ्यापर्यंत येता कामा नये. साधा पत्र्याचा काळा डबाही पुरतो.

काळे फोटो मात्र टायमिंगमुळेच येतात. ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. ६४ बाइटचा बफर भरला की प्रिंटची ओळ तिथंच थांबते. ती ओळ कॅमेरा आणि स्ट्रोब यांच्या मध्ये असेल तर शटर मिटल्यावर लाइट लागतो. प्रिंट काढलं तरी मिलिसेकंद मोजणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून मधेच चालणारा कोड) मधे घुसून काही मायक्रोसेकंद खातोच. म्हणून पिन वर-खाली करायचं काम प्रोग्रामकडे ठेवूच नका, ते चिपमधल्या टायमर १ च्या हार्डवेअरला द्या.

मी पिन ९ स्ट्रोबला आणि पिन १० कॅमेऱ्यांना देईन. टायमर फास्ट पीडब्ल्यूएम (ठरावीक रुंदीच्या पल्स आपोआप काढणाऱ्या) मोड १४ मध्ये ठेवीन. प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) ६४ म्हणजे एक टिक ४ मायक्रोसेकंदांची, आणि १२,५०० टिक म्हणजे बरोबर ५० मिलिसेकंद. टायमरच्या रजिस्टरांत (सेटिंग ठेवायच्या जागांत) किमती या क्रमानं लिहा:

टीसीसीआर१ए = १७८
टीसीसीआर१बी = २४ (घड्याळ अजून बंद)
आयसीआर१ = १२४९९
ओसीआर१ए = २४
ओसीआर१बी = १२४४९
टीसीएनटी१ = ०
पिन ९ आणि १० आउटपुट करा
टीसीसीआर१बी = २७ (आता घड्याळ सुरू)

आयसीआर१ आधी आणि मोड नंतर लिहिलात तर ती किंमत घेतलीच जात नाही. बहुतेकजण इथंच अडकतात.

यात खुबी अशी आहे की १७८ मुळे पिन ९ सरळ चालते आणि पिन १० उलटी. पिन १० सायकल संपायच्या २०० मायक्रोसेकंद आधी वर जाते, म्हणजे कॅमेरे उघडले. काउंटर शून्यावर येताच ती खाली येते आणि त्याच टिकला पिन ९ वर जाते, १०० मायक्रोसेकंदांसाठी. कॅमेऱ्यात एक्स्पोजर ४०० मायक्रोसेकंद ठेवा, म्हणजे झोत पूर्णपणे त्याच्या आत बसतो. आता लूपमध्ये हवं तितकं प्रिंट करा, या कडा हलणार नाहीत. फक्त सर्व्हो लायब्ररी आणि ९, १० वरचा अॅनालॉगराइट टाळा, दोघंही हाच टायमर वापरतात. बोर्ड सुरू होताना पिन मोकळ्या असतात, म्हणून दोन्हींवरून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा.

ऊनोवरच्या मुख्य चिपला क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे, आणि त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे ५० मिलिसेकंदांत पाव मिलिसेकंद. तुम्हाला त्याचा त्रास नाही, कारण सगळं एकाच घड्याळावर आहे. उद्या तिसरा कॅमेरा आला म्हणून त्याला वेगळा बोर्ड मात्र देऊ नका, दोन्ही घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकत जातील.

आता वायरिंग. इंडक्शन भट्टी आणि वेल्डिंगच्या शेजारी उघडी पाच व्होल्टची वायर ओढली की भुताटकीचे ट्रिगर येणारच. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ आणि स्ट्रोब कंट्रोलरजवळ एकेक ६एन१३७ ऑप्टो (सिग्नल उजेडातून पुढं देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारी चिप) बसवा, त्याच्या आतल्या एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि मधे पीळ दिलेली शील्डेड जोडी. शील्डला अर्थिंग एकाच टोकाला. एका ऑप्टोला साधारण १० मिलिअँपिअर लागतात, त्यामुळं दोन कॅमेऱ्यांचा भार थेट पिनवर टाकू नका, एक एनपीएन ट्रान्झिस्टर घाला. पीसी८१७ हा ऑप्टो स्वस्त मिळतो, पण बंद व्हायला तो कित्येक मायक्रोसेकंद घेतो आणि तापमानाप्रमाणे तो वेळ बदलतो.

६एन१३७ चं आउटपुट उलटं असतं, त्याला ३५० ओहमच्या आसपासचा पुलअप (सिग्नल वर ओढणारा रेझिस्टर) आणि पुरवठ्यावर अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. पुढं ७४एचसी१४ (सिग्नल उलटवणारी चिप) चं एक गेट लावून सिग्नल परत सरळ करा. कॅमेऱ्याला जास्त करंट हवा असेल तर दोन गेट समांतर. स्ट्रोबच्या बाबतीत हे गेट विसरलात आणि कंट्रोलर पातळी बघून चालणारा (सिग्नल वर असेल तोवर लाइट चालू ठेवणारा) असेल, तर १०० मायक्रोसेकंदांऐवजी जवळजवळ पूर्ण ५० मिलिसेकंद एलईडी ओव्हरड्राइव्हवर (नेहमीपेक्षा जास्त करंटवर) जळत राहील. पहिल्यांदा सुरू करताना म्हणूनच स्ट्रोबची वायर काढून ठेवा.

दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप मिळवा, उद्यमनगरात ओळखीचा ड्राइव्ह दुरुस्तीवाला असेल तर त्याच्याकडे असतो. एक प्रोब कॅमेऱ्याच्या ‘एक्स्पोजर चालू’ आउटपुटवर, दुसरा स्ट्रोबच्या इनपुटवर, पर्सिस्टन्स (जुन्या रेषा पडद्यावर तशाच ठेवायची सोय) चालू. पाच मिनिटांनी सगळ्या रेषा एकावर एक दिसल्या आणि स्ट्रोबची पल्स एक्स्पोजरच्या आत राहिली, तर दुसऱ्या कॅमेऱ्यावर तेच करून बघा. दोन मॉडेल वेगळी असतील तर ट्रिगर मिळाल्यापासून शटर उघडेपर्यंतचा उशीर वेगळा निघेल. एखाद्या कॅमेऱ्याचा झोत सुरुवातीला कापला जात असेल तर ओसीआर१बी कमी करून कॅमेरे लवकर उघडा, आणि तेवढंच एक्स्पोजर वाढवा.