आधी धक्का, मग बोट

प्रश्न : आम्ही पती-पत्नी गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे राहतो. घरभाड्यापोटी दरमहा १,४०० पौंड जातात. दोन उन्हाळे शिडाची बोट चालवण्याचे शिक्षण घेतल्यावर आता एखादी जुनी बोट घेऊन तिच्यातच राहावे, असे मनात आहे. गाठीशी ४५,००० पौंड आहेत. १९८८ साली बांधलेली एक ३८ फुटी बोट आम्हांला ४०,००० पौंडांना सांगितली आहे आणि आतून ती फार देखणी आहे. भाडे वाचेल आणि बोटही स्वतःची होईल, हा हिशेब बरोबर आहे ना?
– एक वाचक, साउदॅम्प्टन

उत्तर : बेत चांगला आहे, हिशेब मात्र चुकला आहे. आपल्या पत्रात बोटीची लांबी, वय, किंमत आणि देखणेपण आले आहे; ती कुठे बांधून ठेवणार, हे आलेले नाही. दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनांमध्ये, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरांमध्ये, बोटीसाठी जागा मिळते, पण बोटीत कायम राहण्याची परवानगी मोजक्याच ठिकाणी मिळते. अनेक करारांत तशी मनाई स्पष्ट लिहिलेली असते आणि जिथे परवानगी आहे तिथे बहुधा प्रतीक्षायादी असते. 'सगळेच गुपचूप राहतात' असे सांगणारे आपल्याला भेटतील. त्यांच्या भरवशावर घर सोडू नये. बँकेला आणि डॉक्टरला कोणता पत्ता देणार, हेही आधीच ठरवावे लागते. म्हणून प्रथम धक्क्यावरची जागा लेखी मिळवावी आणि तिथे किती लांबीची बोट मावते हे पाहून मगच बोट शोधावी.

आता पैशांचे बोलू. मरीनाचे भाडे बोटीच्या लांबीवर, दर मीटरमागे ठरते आणि मोजताना पुढे आलेला नांगर व मागे टांगलेली छोटी होडीही लांबीत धरली जाते. साउदॅम्प्टनच्या परिसरात मीटरला वर्षाला ८०० पौंड धरले, तर आपण पाहिलेल्या बोटीपेक्षा लहान, १०.२ मीटरच्या (सुमारे ३३ फुटी) बोटीलाही ८,१६० पौंड होतात. विम्याचे ४००, वर्षातून एकदा बोट पाण्याबाहेर काढून तळ धुणे, रंगवणे आणि तळाच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे बदलणे यांचे १,२००, विजेचे ९०० आणि दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचे ३,००० पौंड मिळवले, तर बेरीज १३,६६० पौंडांवर जाते. आपले घरभाडे वर्षाला १६,८०० पौंड आहे. म्हणजे बचत जेमतेम ३,१४० पौंडांची, तीही एखादे वर्ष सुरळीत गेले तर. हे माझे अंदाजी आकडे आहेत. जागा ठरली की तिथले दर घालून हीच बेरीज पुन्हा करावी.

बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी खर्चासाठी धरावी, असा एक ठोकताळा सांगितला जातो. जुन्या बोटीला तो फसवा ठरतो. बोट ४०,००० ला घेतली काय किंवा १०,००० ला घेतली काय, डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांना त्याचा पत्ता नसतो. त्या बदलायला तेवढेच पैसे लागतात. खर्च लांबीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून जास्त वाढतो, कारण ३३ फुटांवरून ३८ फुटांवर जाताना बोट रुंद आणि जड होते आणि तिच्याबरोबर शिडे, इंजिन, नांगर, साखळी असे सगळेच मोठे लागते. म्हणून ४५,००० पौंडांपैकी बोटीवर २८,००० पेक्षा अधिक घालू नयेत. तपासणी आणि त्यासाठी बोट वर काढण्याचे १,३००, तारांचे ४,०००, बॅटऱ्या, डिझेल हीटर आणि तळातल्या भोकांवरचे कॉक बदलण्याचे ३,००० धरले, तरी हाती ८,७०० पौंड उरतात. त्यांतल्या ६,००० ना पहिले वर्षभर हात लावू नये. जुने इंजिन दगावले, तर नवे बसवायला तेही पुरणार नाहीत.

या रकमेत राहण्याजोगी बोट मिळते. मूडी ३३६ सारख्या १९८०च्या दशकातल्या बोटींमध्ये मागे स्वतंत्र खोली असते, आत ताठ उभे राहता येते, आणि नोकरीचे इस्त्रीचे कपडे व ओले रेनकोट वेगवेगळे टांगता येतात. कंटेसा ३२ चे नाव आपण नक्कीच ऐकले असेल. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला, तेव्हा सर्वांत लहान बोटींच्या गटात शर्यत पुरी करणारी एकमेव बोट कंटेसा ३२ च होती. तरीही मी ती आपल्याला सुचवणार नाही, कारण ती अरुंद आणि बुटकी आहे. वादळातली अब्रू वेगळी आणि जानेवारीत दोन माणसांनी आत स्वयंपाक करून राहणे वेगळे. थंडीत या बोटींच्या भिंतींना आतून घाम फुटतो, गाद्या खालून ओल्या होतात. चांगला हीटर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांत काटकसर करू नये.

बोट पाहायला शक्य तर पावसाच्या दिवशी जावे. आत शिरताच इंजिनावर हात ठेवावा. ते आधीच गरम असेल, तर विक्रेत्याने थंड इंजिन सुरू करण्याची परीक्षा आपल्यापासून लपवली आहे, असे समजावे. पायाखालच्या फळ्या उचलून खालचे पाणी पाहावे. ते गोडे असेल तर पावसाचे किंवा टाकीचे, खारे असेल तर समुद्र कुठूनतरी आत येतो आहे. डेकवर चालताना पाय किंचित दबतो का ते बघावे आणि माठ घेताना आपण टिचकी मारतो तशी ठिकठिकाणी मारून पाहावी. बद्द आवाज आला, तर आतले लाकूड कुजले असण्याचा संभव असतो. मी माझी पहिली बोट दिव्यांच्या उजेडात चकाकणारे सागवान पाहून घेतली होती. पुढची दोन वर्षे त्या सागवानाखालचा डेक उकरण्यात गेली.

एवढे झाल्यावर, १० टक्के इसारा देऊन, 'तपासणी समाधानकारक असेल तरच' या अटीवर सौदा करावा आणि सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, स्वतः नेमावा. विक्रेत्याकडचा जुना अहवाल कितीही जाडजूड असो, तो आपल्यासाठी केलेला नसतो. बोट पूर्वी कधी खडकावर आपटली होती का, हा प्रश्न लेखी विचारावा. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतणारी चीकी रफीकी ही बोट अटलांटिकमध्ये कील, म्हणजे तळाचा जड कणा, निखळल्याने उलटली आणि चार जण गेले. आधी तळ आपटल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतला जोड कमकुवत झाला असावा, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. अशी इजा सोफ्यावर बसून दिसत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. ब्रिटिश नोंदणीच्या पहिल्या भागात बोटीची मालकी ६४ हिश्श्यांत लिहिलेली असते आणि तिच्यावरचे नोंदलेले कर्जही तिथे दिसते. 'स्मॉल शिप्स रजिस्टर' या तिसऱ्या भागातली नोंद मात्र मालकीचा पुरावा नसते. तिथे पूर्वीच्या सर्व विक्रीखतांची साखळी मागावी. फ्रान्स किंवा हॉलंडमध्ये बोट स्वस्त दिसली, तर ब्रिटनमध्ये आणताना सहसा २० टक्के व्हॅट भरावा लागतो, हे किमतीत मिळवूनच ती स्वस्त आहे का ते ठरवावे.

प्रश्न : ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ त्यांची २६ फुटी वेस्टरली सेंटॉर मला फुकट द्यायला तयार आहेत. बोट चार वर्षे खाडीत उभी आहे. एकट्याला राहायला पुरेल का?
– एक वाचक, पोर्टस्मथ

उत्तर : एकट्या, सोशिक माणसाला पुरेल. दोन जुळ्या कीलांवर ती ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, त्यामुळे स्वस्त जागेतही ठेवता येते. या बोटी दोन हजारांहून अधिक बांधल्या गेल्या, म्हणून सुटे भाग आणि जाणकार दोन्ही सापडतात. त्या कीलांचे जोड मात्र तपासून घ्या, कारण बऱ्याच सेंटॉरना तिथे मजबुती करावी लागली आहे. फायबरग्लास कुजत नाही आणि नकोशी झालेली बोट मोडीत काढायलाही पैसे पडतात. त्यामुळे फुकट देणारा कधीकधी स्वतःचाच खर्च वाचवत असतो. इंजिन शेवटचे कधी चालले, हे त्या गृहस्थांना विचारा आणि जागेची थकबाकी किती आहे, हे बंदराच्या कचेरीत. दोन्ही उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका.